सव्विसाव्या मैलापासून पुढे

नौशेराहून राजौरीला मोटारीनं जायला आज तास-दीड तास पुरतो. १९४८ च्या एप्रिलमध्ये भारतीय सैन्याला हेच अंतर कापायला पाच दिवस लागले, आणि त्यातला बराच वेळ रणगाडे एका माणसाच्या मागे थांबून होते. तो माणूस पुढे रस्ता मोकळा करत होता.

रणभूमी बघायला लोक जातात ते बहुधा शिखरं, खिंडी नाहीतर किल्ले बघायला. आम्ही निघालो होतो एक डांबरी रस्ता बघायला. जम्मूहून पूंछकडे जाणारा हा महामार्ग अखनूरला चिनाब ओलांडतो, सुंदरबनीवरून चढत-उतरत नौशेऱ्यात येतो आणि तिथून मुनव्वर तवी नदीच्या सोबतीनं राजौरी गाठतो. एप्रिल महिना मुद्दामच निवडला होता. खालच्या शेतांत गहू पिवळा पडलेला, वरच्या उतारांवर चीडाची झाडं, आणि मधूनच रस्ता अडवून चालणारे बकरवालांचे कळप. उन्हाळ्यासाठी डोंगरमाथ्यावरच्या कुरणांकडे त्यांची चाल सुरू झालेली. जागोजाग रुंदीकरण चालू होतं. सीमा सडक संघटनेची यंत्रं डोंगर खरवडत होती. नौशेऱ्याजवळ तर सातशे मीटरचा बोगदाच खोदला आहे. धुरळा भरपूर, पण रस्त्याचीच कथा शोधायला निघालेल्यानं धुरळ्याची तक्रार काय करायची!

गाडीचा चालक सुंदरबनीचा. त्याच्या हिंदीला डोगरी वळण होतं. कुठे जायचंय, कशासाठी, हे विचारून झाल्यावर त्यानं राण्यांचं नाव दोनदा स्वतःशीच उच्चारलं आणि म्हणाला, "वो रोडवाले साहब?"

रोडवाले साहेब. रामा राघोबा राणे यांची इतकी अचूक ओळख कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडायची नाही.

राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८ चा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्यांच्या मागे फिरत शाळा झाली. १९३० च्या चळवळीचं वारं पोराला लागतंय असं दिसल्यावर वडिलांनी बिऱ्हाड पुन्हा गावाकडे हलवलं. पुढे दहा वर्षांनी, १९४० च्या जुलैमध्ये हाच मुलगा बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. खडकीला ज्यांचं मुख्य ठाणं आहे ते बॉम्बे सॅपर्स म्हणजे हेच. सॅपर म्हणजे सैन्यातला इंजिनिअर-शिपाई: पूल बांधणारा, पूल उडवणारा, सुरुंग पेरणारा आणि शत्रूनं पेरलेले उकरून काढणारा. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. अराकानच्या माघारीत दारूगोळा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो नष्ट करण्यासाठी मागे ठेवलेल्या तुकडीत तेही होते. काम उरकून, जपानी गस्तींना चुकवून त्यांनी आपली माणसं परत आणली. हवालदार, मग जमादार अशा पायऱ्या चढत १५ डिसेंबर १९४७ ला त्यांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला.

हे जरा लक्षात ठेवायला हवं. 'सेकंड लेफ्टनंट' म्हटलं की डोळ्यांपुढे अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला, मिसरूड फुटलेला तरुण येतो. राणे तेव्हा २९ वर्षांचे होते, साडेसात वर्षं हातात कुदळ-फावडं आणि स्फोटकं खेळवलेले. पुढे जे घडलं ते तरुण रक्ताच्या उसळीतून घडलं नाही. त्यामागे मुरलेला कारागीर होता.

नौशेऱ्यात शिरताना लष्कराची छावणी लागते आणि गावाच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर नजर जाते. यातल्याच तैनधारवर ६ फेब्रुवारी १९४८ च्या पहाटे राजपूत रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे नाईक जदुनाथ सिंग नऊ जणांची चौकी लढवत होते. तीन हल्ले त्यांनी परतवले. शेवटच्या वेळी तर सगळे सहकारी पडलेले असताना ते एकटेच बाहेर धावले आणि तिथेच ठार झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. या ठाण्याचे सेनापती होते ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान. २४ डिसेंबर १९४७ ला जवळचं झांगर हातचं गेलं, तेव्हा ते परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही अशी त्यांनी प्रतिज्ञा केली आणि ऐन थंडीत जमिनीवर निजले. १८ मार्चला झांगर परत आलं. ते घेणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पॅरा बटालियनही होती. त्याच झांगरला ३ जुलैला तोफेच्या गोळ्यानं उस्मान गेले, छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर असताना. नौशेऱ्याच्या बाजारात आजही कोणी त्यांचं नाव काढलं की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप अदबीचा होतो.

झांगर परत मिळालं, पण राजौरी अजून पाकिस्तानकडून आलेल्या हल्लेखोरांच्या ताब्यात होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये, दिवाळीच्या दिवसांत, ती पडली होती. गावात आणि आसपासच्या खेड्यांतून आसऱ्याला आलेल्या लोकांत जी कत्तल झाली तिच्या बातम्या नौशेऱ्याला येत होत्या. जे जिवंत होते ते किती दिवस जिवंत राहतील याची खात्री नव्हती. म्हणून एप्रिलच्या चढाईत घाई होती. आणि घाईत असलेल्या सैन्याला अडवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रस्ता बिघडवणं. चीडाचे बुंधे तोडून आडवे टाकायचे, मोऱ्या उडवायच्या, भराव फोडायचे, भोवती सुरुंग पेरायचे आणि समोरच्या डोंगरावर मशीनगन लावून बसायचं.

नौशेरा सोडलं की हा डाव किती सोपा होता ते गाडीच्या खिडकीतूनच कळतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला नदीकडे उतरत गेलेली दरड, आणि रस्ता दर दोनशे पावलांवर वळलेला. पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. वर बसलेल्याला मात्र सगळा रस्ता तळहातावर दिसतो.

८ एप्रिलला चौथी डोगरा बटालियन बारवाली कड्याकडे निघाली. सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे होते. राण्यांची ३७ वी असॉल्ट फील्ड कंपनी. त्यांच्या तुकडीकडे काम होतं सव्विसाव्या मैलाजवळचे सुरुंग आणि अडथळे काढण्याचं. सकाळी ११ वाजता, नदपूरच्या दक्षिणेला, सुरुंग उकरायला निघण्यापूर्वी सगळे रणगाड्यांजवळ थांबले होते आणि वरून उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोघे जागीच गेले. पाच जण जखमी झाले. त्या पाचांत राणे होते. त्यांच्या मांडीला जखम झाली होती.

राण्यांच्या मानपत्रात, म्हणजे परमवीरचक्राच्या अधिकृत नोंदीत, यापुढचं वाक्य एवढंच आहे की त्यांनी लगेच तुकडी पुन्हा उभी केली आणि काम सुरू केलं. मध्ये काय झालं, कोण काय बोललं, जखम कोणी बांधली, काही नाही. हे मानपत्र मी छापून सोबत नेलं होतं आणि वाटेत पुन्हापुन्हा वाचत होतो. वीरश्रीची विशेषणं त्यातही आहेत, पण ती मधूनमधून पेरलेली. उरलेला सगळा मजकूर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दैनंदिनीसारखा आहे: अमुक वाजता काम सुरू, अमुक वाजता वळणरस्ता तयार, अमुक वाजता मोरी. मला तरी विशेषणांपेक्षा या वेळा जास्त बोलक्या वाटतात.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेचारच्या सुमारास बारवाली कडा हाती आला. शत्रू अजून आसपासच होता, हे ठाऊक असूनही राणे माणसं घेऊन पुढे सरकले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले. रात्री दहा वाजेपर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर. दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, सकाळी सहाला पुन्हा हजर. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला आणि चिलखती ताफा हलला. सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये राणे चढून बसले. कॅरिअर म्हणजे साखळीपट्ट्यावर चालणारी, वरून उघडी, छोटी चिलखती गाडी. अर्ध्या मैलावर आडवे चीड. उतरून स्फोटकांनी उडवले. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजता उडवलेली मोरी समोर आली. हात घालायच्या आत मशीनगन सुरू झाली. तरी बाजूनं वाट काढली. सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच भल्यामोठ्या चीडांचा अडसर, भोवती सुरुंग, वरून गोळ्या. राणे तेही काढायला बसले होते. ताफ्याच्या प्रमुखानंच त्या रात्रीपुरतं थांबायचं ठरवलं.

सुरुंग काढणं म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणायला हवं. पोटावर पालथं पडायचं. संगीन तिरकी धरून जमिनीत हलके हलके टोचत जायचं. टोकाला कठीण काही लागलं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करायची, सुरुंगाच्या कडा मोकळ्या करायच्या. उभं राहायचं नाही, धावायचं नाही, हात थरथरू द्यायचा नाही. समोरून गोळ्या येत असताना शिपायाला आपसूक सुचतं ते दोनच प्रकारचं: आडोसा घेणं किंवा उलट गोळी झाडणं. इथे दोन्हीला बंदी. हातात बंदूक नाही आणि कामाची जागा उघड्या रस्त्याच्या मधोमध.

१० एप्रिलला त्यांनी पहाटे पावणेपाचला सुरुवात केली. पाठीशी रणगाड्यांची एक छोटी तुकडी. साडेसहाला पाच चीडांचा अडसर निघाला. त्यापुढचे हजार यार्ड, म्हणजे नऊशे मीटरच्या आसपास, अडथळे आणि फोडलेले भराव यांनीच भरलेले होते. ते साडेदहाला मोकळे झाले. नऊशे मीटरला चार तास. आमच्या गाडीनं तेवढं अंतर, मध्ये एका ट्रकला वाट देऊनसुद्धा, दोन-तीन मिनिटांत कापलं असेल.

याच दिवसांतली एक हकिकत बॉम्बे सॅपर्समध्ये आणि त्याबाहेरही आवर्जून सांगितली जाते. गोळ्यांच्या माऱ्यात पुढे जाणं अशक्य झालं तेव्हा राण्यांनी रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्याबरोबर सरपटत, सुरुंग काढले. चालकाला खूण करायला दोऱ्या बांधल्या होत्या: एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. मानपत्रात हा प्रसंग नाही. पण राण्यांवर लिहिलेल्या प्रत्येक लेखात तो येतो, आणि शाळेत सांगायचा झाला तर पोरांच्या डोळ्यांत चमक आणणाराही तोच. माझ्या मनात मात्र त्यातलं धाडस मागे राहतं आणि दोऱ्यांची जुळणी पुढे येते. मरणाच्या इतक्या जवळ असताना माणूस यंत्राला खूण करायची सोपी, चुकणार नाही अशी युक्ती शोधतो. कारागीर म्हणतात तो हा.

रस्ता एका ठिकाणी नदीच्या अगदी जवळ येतो. तिथे आम्ही उतरलो. मुनव्वर तवीचं पात्र रुंद, पाणी थोडं, गोटे पुष्कळ. १० एप्रिलला सकाळी रणगाडे रस्ता सोडून या पात्रात उतरले आणि गोट्यांवरून खडखडत पुढे निघाले. दुपारी दोनला ते चिंगसला पोचलेदेखील. राण्यांचं मुख्य काम खरं तर संपलं होतं, कारण रणगाड्यांना आता रस्त्याची गरज उरली नव्हती. पण मागून येणाऱ्या मालमोटारी नदीतून येऊ शकत नव्हत्या, आणि त्यांच्यात दारूगोळा, इंधन, अन्न, औषधं होती. पुढे गेलेल्या रणगाड्यांना रसद मिळाली नाही तर ते दुसऱ्या दिवशी अडकून पडले असते. म्हणून राणे रस्त्यावरच राहिले. विश्रांती नाही, खाणं नाही, रात्री नऊपर्यंत काम. मांडीची जखम तिसऱ्या दिवसाची झालेली.

या पराक्रमातला सर्वांत मोठा भाग मला हाच वाटतो, आणि तो सर्वांत कमी सांगितला जातो. रणगाडे डोळ्यांदेखत पुढे निघून गेलेत, जयजयकार असेल तर तो पुढे होणार आहे, आणि आपण मागे राहून मालमोटारींसाठी खड्डे बुजवतोय. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा कामावर, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि मग पुढचा रस्ता रात्री दहापर्यंत. चार दिवसांची बेरीज केली तर पन्नास तासांवर जाते.

चिंगसला मोगलांची सराय आहे. जाड भिंतींचं चौकोनी आवार, आत मशीद, आणि खाली नदी. १६२७ च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरहून लाहोरला परतताना जहांगीर या वाटेवर वारला. वारसाहक्काचा गोंधळ माजू नये म्हणून नूरजहाँनं बातमी दाबली आणि देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी काढून इथे पुरली, असं सांगतात. ती कबर दाखवतात. पर्यटन खात्याची पाटी बादशहाची गोष्ट सांगते आणि येणारे लोक बादशहाची कबर बघून जातात. त्यात वावगं काही नाही. मीही बघितली. पण सरायच्या बाहेर, पायऱ्यांवर बसून खालचा रस्ता पाहताना माझ्या डोक्यात ११ एप्रिलची सकाळ होती: पहिली मालमोटार त्या वळणावरून आली असेल तेव्हा तिच्या पुढे चालणाऱ्या, चार दिवसांची दाढी वाढलेल्या, लंगडणाऱ्या अधिकाऱ्याकडे चालकानं पाहिलं तरी असेल का?

१२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं. जे दिसलं ते भयंकर होतं. पळण्यापूर्वी हल्लेखोरांनी पुन्हा कत्तल केली होती. प्रेतांनी भरलेले खड्डे सापडले. तरीही बरेच लोक वाचले. आणखी एक-दोन दिवस उशीर झाला असता तर किती वाचले असते, हा हिशेब राजौरीत अजूनही मांडला जातो. तिथे १३ एप्रिल हा 'राजौरी दिन' पाळतात आणि गावात त्या काळच्या मृतांच्या आठवणीचं बलिदान भवन आहे. उंचसखल गल्ल्यांच्या या गावात आता कोचिंग क्लासच्या पाट्या आहेत, विद्यापीठ आहे, राजमा-चावलच्या टपऱ्यांवर कॉलेजच्या पोरांची गर्दी आहे. एका दुकानदारानं आपल्या आजीची गोष्ट सांगितली. सैन्य आलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती आणि तिला रणगाडा आठवत नव्हता. आठवत होता तो मालमोटारीतून मिळालेला गूळ. गोष्टीत पिढ्यांनी काय मिसळलं असेल कोण जाणे, पण मालमोटारीचा उल्लेख ऐकून मला बरं वाटलं.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं आणि १९४७-४८ च्या लढाईतल्या पाच जणांना ते मिळालं. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग, पिरू सिंग यांना मरणोत्तर. राणे आणि करम सिंग यांना जिवंतपणी. पदकाचं रेखाटन सावित्री खानोलकर यांचं. जन्मानं युरोपीय, लग्नानं मराठी, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या पत्नी. इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा त्यांनी त्या ब्राँझच्या चकतीवर कोरून घेतल्या. बॉम्बे सॅपर्सला मिळालेलं हे एकमेव परमवीरचक्र.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या लष्करी रुग्णालयात वारले. पाच वेळा त्यांचा युद्ध-अहवालांत गौरवानं उल्लेख झाला होता. १९८४ मध्ये भारतीय नौवहन महामंडळानं एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या एका बेटाला दिलं. कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर, 'आयएनएस चपळ' या युद्धनौकेच्या शेजारी, त्यांचा पुतळा आहे. समुद्रावर फिरायला येणारे नौकेत शिरतात आणि पुतळ्यापाशी फोटो काढतात.

जहाज, बेट, समुद्रकिनारा. ज्या माणसानं आयुष्यातलं सर्वांत मोठं काम डोंगरातल्या रस्त्यावर केलं त्याची स्मारकं नेमकी पाण्याकाठी उभी राहिली, हा योगायोग जरा गमतीचा आहे. नौशेरा ते राजौरी या पट्ट्याला त्यांचं नाव द्यावं, आणि नऊशे मीटरला चार तास लागले त्या तुकड्यावर, अकरा वाजता पडलेल्या त्या दोन सॅपर्सच्या नावांसकट, एक साधा दगड उभा करावा, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. रुंदीकरण चालूच आहे. मैलाचे दगड नाहीतरी नवे बसवायचे आहेत.

जाणार असाल तर एप्रिलमध्येच जा, आणि झांगरकडे वळायचं असेल तर लष्कराच्या परवानगीची चौकशी आधी करून ठेवा, कारण तो भाग ताबारेषेला लागून आहे. मानपत्र मात्र कागदावर छापून न्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही.